गोठा पाहायला या : सोलापूर जिल्ह्यात दुधाच्या गोठ्याचा खुला दिवस कसा भरवावा

पंढरपुरी म्हशीचा एक गुण सगळ्या गवळ्यांना माहीत असतो. ही म्हैस कुठेही, कुणासमोरही पान्हा सोडते. म्हणूनच सोलापूर, मिरज, कोल्हापूर या गावांत म्हैस गिऱ्हाइकाच्या दारात उभी करायची आणि त्याच्याच भांड्यात धार काढून द्यायची, ही पद्धत रुजली. दूध डोळ्यांसमोर निघाले की भेसळीची शंका उरत नाही. गोठा एक दिवस लोकांसाठी उघडायचा तो याच कारणासाठी. फरक एवढाच, की तेव्हा म्हैस गिऱ्हाइकाकडे जायची आणि आता गिऱ्हाईक गोठ्यावर येणार. अडचणीही इथेच सुरू होतात, कारण अनोळखी माणसे, त्यांच्या पायांचा चिखल आणि त्यांच्या हातातली पिशवी हे सगळे गोठ्याला नवे असते.

हे आले कुठून

लोकांना पाहता यावे म्हणून गोठाच तसा बांधायचा, हा विचार जुना आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वॉकर-गॉर्डन फार्मवर १९३० मध्ये ‘रोटोलॅक्टर’ सुरू झाला. तो एक फिरता चौथरा होता, त्यावर एका वेळी ५० गायींची धार निघायची. बाजूला काचेचा सज्जा होता आणि लोक तिथून बघत. काच शोभेपुरती नव्हती. तिच्यामुळे माणूस आणि गाय यांच्यात अंतर राहायचे, धार बिघडायची नाही. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बोर्डेन कंपनीने तेच यंत्र मांडले आणि गर्दी खेचली. ऑस्ट्रेलियात मेनँगल येथे १९५२ मध्ये बसवलेला रोटोलॅक्टरही सहलीचे ठिकाण झाला. अमेरिकेत १९३७ पासून जून हा दुधाचा महिना म्हणून साजरा होऊ लागला. त्यामागचे कारण सरळ धंद्याचे होते. उन्हाळी गवतावर दूध वाढायचे आणि ते खपवायचे असायचे. विस्कॉन्सिनमध्ये जूनमध्ये गोठ्यावरच न्याहारी देण्याचा प्रघात पुढे या महिन्याला जोडला गेला.

आपल्याकडे मुंबईतल्या म्हशी शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. तिथले गोठे आणि डेअरी पाहायला पाहुणे येत, मुंबईकर सहलीला जात. त्या काळचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासोबत विभागून मिळाला. कुरियन यांचा जन्मदिवस, २६ नोव्हेंबर, २०१४ पासून राष्ट्रीय दुग्ध दिन आहे. १ जूनचा जागतिक दुग्ध दिन २००१ पासूनचा.

इतिहासातले दोन धडे मात्र कडू आहेत. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूताची साथ आली. गोठेच नव्हे, शेतातून जाणाऱ्या पायवाटाही लोकांना बंद झाल्या. तिथला ‘ओपन फार्म संडे’ २००६ मध्ये सुरू झाला, म्हणजे साथीनंतर, आणि आरोग्याची शिस्त धरून. दुसरा धडा २००९ चा. इंग्लंडमधल्या एका भेट-फार्मवर ई. कोलाय ओ१५७ या जंतूची ९३ जणांना लागण झाली, त्यात बहुतेक लहान मुले. कारण जनावरांना हात लावणे आणि मग हात नीट न धुणे. पुढच्या मजकुरात हात धुण्यावर आणि पायांवर इतका भर आहे तो या दोन घटनांमुळेच.

तारीख आणि वेळ

सोलापुरात उन्हाळा वर्ज्य धरा. मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे जातो. उन्हाने जनावर आधीच धापा टाकत असते, त्यात गर्दी नको. पावसाचा जोर इथे सप्टेंबरमध्ये असतो, तेव्हा गोठ्याभोवती चिखल आणि माश्या. उरतात नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. त्यातही पंढरपूरकडचा गोठा असेल तर कार्तिकी एकादशीचा आठवडा टाळा, आणि शहराजवळचा असेल तर सिद्धेश्वर यात्रेचे मकर संक्रांतीभोवतीचे दिवस टाळा. रस्ते भरलेले असतात आणि लोक गड्ड्याच्या जत्रेत असतात. २६ नोव्हेंबरच्या जवळचा रविवार चांगला.

वसुबारस हा दिवस मनात येतोच, कारण गाय-वासरू पाहायला, पूजायला लोक स्वतःहून येतात. तरी तो घेऊ नये असे आमचे मत. त्या दिवशी अनेक घरांत दूध-तुपाचे पदार्थ वर्ज्य असतात, म्हणजे पाहुण्याला कपभर दूध देता येत नाही. शिवाय पूजेला आलेली माणसे पुरणपोळी, गूळ, तांदूळ जनावराच्या तोंडाशी नेतात. एवढे गोड-धान्य एकदम पोटात गेले तर आम्लता होते, रवंथ थांबतो, पोट फुगते.

वेळ सकाळी साडेआठ ते साडेअकरा ठेवा. पहाटेची धार आटोपलेली असते, वैरण पडलेली असते, जनावर निवांत असते. संध्याकाळचा कार्यक्रम आकर्षक वाटतो, पण गाळप हंगामात अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर लहान मुले घेऊन परतणे धोक्याचे आहे.

किती माणसे, किती पाणी, किती दूध

गणित आधी करा, आमंत्रण नंतर द्या. २० जणांची एक तुकडी धरा. दर १५ मिनिटांनी एक तुकडी आत सोडली तर तासाला ८० आणि तीन तासांत २४० माणसे होतात. थांबे पाच ठेवले, प्रत्येकावर १० मिनिटे आणि चालायला ५, तर एका तुकडीला ७५ मिनिटे लागतात आणि कोणत्याही क्षणी आवारात १०० माणसे असतात. शेवटची तुकडी सव्वाअकराला शिरली तर साडेबाराला बाहेर पडते, हे मदतनिसांना आधी सांगा. ३० जनावरांच्या गोठ्याला याहून जास्त गर्दी झेपत नाही. वाढीव लोक हवे असतील तर दुसरा रविवार ठेवा.

प्रत्येक तुकडीला एक वाटाड्या हवा, आणि प्रत्येक थांब्यावर माहिती देणारा वेगळा. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरकडे कार्यक्रम असेल तर एक तरी वाटाड्या कन्नड बोलणारा ठेवा. शहरातले पाहुणे येणार असतील तर तेलुगू येणाराही उपयोगी पडतो.

हात प्रत्येकी दोनदा धुवायचे, दर वेळी साधारण १ लिटर, म्हणजे २४० माणसांना ४८० लिटर. पिण्याचे पाणी धरून १,००० लिटरची टाकी भरून ठेवा. ती जनावरांच्या पाण्याच्या टाकीपासून वेगळी. दूध प्रत्येकी १५० मिली, म्हणजे ३६ लिटर, सांडलवंड धरून ४०. तळणीचे पदार्थ आणि जेवणावळ यात पडू नका. विकायचेच असेल तर खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते.

वाहनतळाची अडचण इथे वेगळीच असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शेतात रब्बी ज्वारी उभी असते, मोकळे रान सापडत नाही. म्हणून पेरणीच्या वेळीच गोठ्यापासून दूर, रस्त्याला लागून, एक तुकडा पडीक ठेवा. गाड्या गोठ्याच्या दारात येऊ देऊ नका. टायरला दुसऱ्या गोठ्याचे शेण चिकटलेले असते.

महिनाभर आधी

पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा आणि आसपास लाळ्या-खुरकूत किंवा लम्पी आहे का ते विचारा. लम्पीने २०२२ मध्ये महाराष्ट्रात जनावरांचे बाजार बंद पाडले होते, ती वेळ सर्वांच्या लक्षात आहे. साथ जवळच्या गावांत असेल तर कार्यक्रम रद्द, हे आजच ठरवून कागदावर लिहा. मंडप घातल्यावर रद्द करायला मन होत नाही. लाळ्या-खुरकूताची लस वर्षातून दोनदा असते. ती कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात टोचू नका. अंगात कणकण येते, दूध दोन-चार दिवस घटते, आणि पाहुण्यांना मलूल गाय दिसते. तीन-चार आठवडे आधी उरकून घ्या. ग्रामपंचायतीला आणि वाहने रस्त्यावर येणार असतील तर पोलीस ठाण्याला लेखी कळवा. विमा प्रतिनिधीकडून पाहुण्यांच्या अपघाताचे संरक्षण विचारून घ्या.

मग जनावरांची तालीम. अनोळखी माणूस पाहून घाबरलेली गाय-म्हैस पान्हा चोरते, याचे कारण शरीरात आहे. सडांना स्पर्श झाला की ऑक्सिटोसिन सुटते आणि दूध उतरते. त्याचा जोर पाच-सात मिनिटेच टिकतो. त्याच वेळी भीतीने ॲड्रेनालिन सुटले तर दूध कासेतच अडकते. अर्धवट निघालेले दूध म्हणजे पुढे दगडीला, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाला, आमंत्रण. आधी सांगितलेला गुण पंढरपुरीचा आहे, मुऱ्हा म्हशी आणि संकरित होल्स्टिन गायींकडून तो गृहीत धरू नका. धारेच्या वेळी आठवडाभर रोज पाच-सहा बाहेरची माणसे पाच मीटरवर शांत उभी करा आणि दूध मोजा. ज्या जनावराचे दूध दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही घटलेले दिसेल, त्याला लोकांसमोर आणू नका. पताका, मंडपाचे कापड, फलक चार-पाच दिवस आधीच लावा. कापड फडफडले की बुजणारी जनावरे तोवर सरावतात. फुगे, डीजे, फटाके, ड्रोन नकोत. बोलायला छोटा हातमाईक पुरे.

जागा आखताना

वाट एकेरी हवी. लोक एका दाराने येतील, दुसऱ्याने बाहेर पडतील, आणि हात न धुता कोणी खाण्याच्या जागी पोहोचू शकणार नाही. या एका नियमावर बाकी सगळी आखणी बसवा.

दावणीच्या पुढे बांबूचा दुहेरी कठडा करा. पंढरपुरीची शिंगे मीटरभराहून लांब असू शकतात, आणि माशी हाकलायला ती मान झटकते तेव्हा शिंग पाठीमागून, बाजूने कुठेही फिरते. म्हणून खुंट्यापासून ३ मीटर अंतर ठेवा. संकरित गायींना दीड ते दोन मीटर पुरेल. खिलार जोडी दाखवायची असेल तर ती दुरून, माणसाच्या हाती कासरा धरून. वळू, ताजी व्यालेली गाय-म्हैस आणि माजावर असलेले जनावर त्या दिवशी पाहुण्यांच्या नजरेआड, बंद जागेत. मागून कोणी जाऊ नये. गायीला जवळजवळ चहूकडचे दिसते, फक्त पाठीमागचा थोडा भाग दिसत नाही, आणि तिथून चाहूल लागली की ती लाथ मारते.

गोबरगॅसची टाकी, शेणकाल्याचा खड्डा, मुरघासाचा (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) खड्डा, कडबाकुट्टी यंत्र. मुलांच्या जिवाला धोका असलेल्या या चार जागा आहेत. शेणखड्ड्यावर झाकण हवे, दोरी पुरत नाही. त्यातल्या वायूने माणसाची शुद्ध क्षणात हरपते, आणि वाचवायला उतरणाराही जातो. कुट्टी यंत्राचा पट्टा काढून ठेवा, नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही.

पायांसाठी प्रवेशाशी दोन गोणपाटे. पहिले कोरडे, त्यावर ब्रशने चिखल-शेण काढायचे. दुसरे धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात भिजवलेले. सोडा निर्जल पावडरीचा असेल तर ४ टक्के, म्हणजे २० लिटर पाण्यात ८०० ग्रॅम. खडे असतील तर त्यात पाणी धरलेले असते, म्हणून १० टक्के, २० लिटरला २ किलो. खाण्याचा सोडा आणून ठेवणारे असतात, त्याने विषाणू मरत नाही. शेणाने मळलेल्या चपलेवर द्रावण चालत नाही, म्हणून ब्रश आधी. द्रावण दर दोन तासांनी किंवा गढूळ झाले की बदला. अनवाणी पायाला ते झोंबते.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. साथीचा धोका सोलापूर शहरातून आलेल्या कुटुंबाकडून कमी, शेजारच्या गावच्या दूधवाल्याकडून जास्त. तो सकाळी स्वतःच्या गोठ्यात उभा राहून तुमच्याकडे येतो. त्याला मानाने वेगळे गमबूट द्या.

पाच थांबे

पहिला थांबा वैरणीचा. मालदांडी ज्वारीचा कडबा, त्याची कुट्टी, हत्तीघास, उसाचे वाढे, मक्याचा मुरघास आणि सरकी पेंड अशा पाट्या मांडून ठेवा, वासासकट. एका दुभत्या संकरित गायीला दिवसाला लागणारी २० ते २५ किलो हिरवी वैरण एका ढिगात आणि ५ ते ७ किलो सुकी दुसऱ्या ढिगात मोजून ठेवा. ढीग पाहिला की लोक दुधाच्या दराबद्दल वेगळे बोलू लागतात. पाहुण्यांनी घरून काहीही भरवायचे नाही. रानातली कोवळी ज्वारी तर मुळीच नाही, तिच्यात सायनाइड तयार होणारे द्रव्य असते. प्लास्टिक पिशव्या दारातच काढून घ्या. गायीने गिळलेली पिशवी पोटातून बाहेर येत नाही.

दुसऱ्या थांब्यावर गाय स्वतः. रवंथ, चार कप्प्यांचे पोट, दिवसातले सहा-आठ तास चघळणे. आडवी बसून रवंथ करणारी गाय पाच मिनिटे शांतपणे बघू द्या. माहिती देणाऱ्याने कमी बोलावे.

तिसऱ्यावर धार, पण खऱ्या कासेला पाहुण्यांचा हात नाही. लाकडी चौकटीला रबरी हातमोजा पाणी भरून टांगा, बोटांच्या टोकांना सुईने भोक पाडा. मूठ पद्धत शिकवा. अंगठा आणि पहिल्या बोटाने सड वरून बंद करायचा, मग बाकीची बोटे एकेक मिटायची. अंगठा दुमडून सड ओढण्याची सवय सडाला इजा करते, तेही दाखवा. खरी धार पाहायची असेल त्यांच्यासाठी नाव नोंदवून पहाटेची एकच तुकडी घ्या, २० जणांची, मोबाईलचा फ्लॅश बंद. तिथे पहिल्या तीन-चार धारा काळ्या कपात काढून गाठी पाहणे दाखवता येते.

चौथा थांबा दुधाच्या तपासणीचा, आणि इथे गर्दी रेंगाळते. एक भांडे निर्भेळ गायीचे दूध, दुसऱ्यात ९०० मिली दूध आणि १०० मिली पाणी. लॅक्टोमीटर निर्भेळ दुधात साधारण २८ ते ३० दाखवेल, दुसऱ्यात तीनेक अंश खाली येईल. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. ताज्या धारेच्या दुधात हवेचे बुडबुडे असतात आणि ते कोमट असते, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. म्हणून दूध तासभर ठेवून, लॅक्टोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणून मोजा. आणि हेही सांगा की लॅक्टोमीटर एकटा पुरत नाही. साय काढली की आकडा चढतो, मग पाणी घातले की पुन्हा जागेवर येतो. भेसळ करणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून संकलन केंद्रावर फॅटही तपासतात. फॅट दाखवायला इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरा. गर्बर पद्धतीत १० मिली तीव्र गंधकाम्ल लागते, ते मुलांच्या गर्दीत उघडायचे नाही.

पाचवा थांबा वासरांचा. फक्त तीन ते सहा महिन्यांची, धडधाकट. महिन्याच्या आतली वासरे-पारडी दुरूनच. त्यांच्या हगवणीतले काही जंतू माणसाला लागतात. गर्भवती स्त्रियांना व्याण्याच्या जागेजवळ नेऊ नका, आणि हे दारावरच्या फलकावर लिहा.

मग हात धुणे. वाहते पाणी, साबण, २० सेकंद, चार नळ, त्यातले दोन मुलांच्या उंचीचे. २० जणांच्या तुकडीला पाच मिनिटे लागतात. सॅनिटायझरवर भागवू नका, शेण लागलेल्या हातावर तो काम करत नाही. नळापाशी एक खमकी मावशी उभी करा, फलकापेक्षा तिचे लोक ऐकतात. त्यानंतरच उकळलेले दूध. धारोष्ण दुधाचा आग्रह होतो, ‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर प्यायले’ म्हणून. नाही म्हणा. ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू कच्च्या दुधातून येतात, आणि जनावर बाहेरून ठणठणीत दिसते.

अवघड प्रश्न

तीन प्रश्न हमखास येतात. ‘इंजेक्शन देता का?’ याला उत्तर : दूध उतरवण्यासाठी अपायकारक इंजेक्शन टोचणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. आजारी जनावराला औषध दिले तर त्याचे दूध ठरलेल्या दिवसांपर्यंत डेअरीला घालत नाही, आणि ती नोंदवही इथे आहे. वही खरोखर टेबलावर असावी. ‘वासराला दूध मिळते का?’ चीक पहिल्या दोन तासांत पाजतो, पुढे बाटलीने किती आणि किती दिवस, ते आकड्यांत सांगा. ‘गोऱ्ह्यांचे काय करता?’ या प्रश्नाला सारवासारव करू नका. ट्रॅक्टरमुळे संकरित गोऱ्ह्याला काम नाही, त्याचा खर्च निघत नाही, आणि लिंगनिश्चित रेतनाकडे (वासरू शक्यतो कालवडच व्हावे म्हणून केलेल्या रेतनाकडे) लोक वळतात त्याचे हेच कारण आहे. तुमच्या गोठ्यावर जे होते तेच सांगा. गोठा उघडून त्यातला एक कोपरा लपवला की पाहुणे घरी जाऊन फक्त त्याच कोपऱ्याबद्दल बोलतात.

लोक गेल्यावर

त्याच दुपारी वाटेवरचे शेण-चिखल खरवडा, मग सोड्याचे द्रावण मारा. गव्हाणीत आणि गवतात प्लास्टिक, रबरबँड, टाचण्या शोधा. टाचणी गिळली तर ती पोटाच्या पडद्यातून हृदयापर्यंत जाऊ शकते. पुढचे तीन दिवस प्रत्येक जनावराचे दूध लिहून ठेवा. पहिल्या दिवशी थोडी घट चालते, तिसऱ्या दिवशी टिकली तर दगडी आहे का पाहा. चौदा दिवस तोंड आणि खूर रोज बघा, कारण लाळ्या-खुरकूताची लक्षणे दोन ते चौदा दिवसांत दिसतात. लाळ गळणे, लंगडणे, ताप यांतले काहीही दिसले तर जनावर वेगळे बांधून त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. पाहुण्यांची नावे आणि गावे लिहिलेली वही तोवर जपून ठेवा. इतर गोठेवाले कोण आले होते ते शोधायला तीच उपयोगी पडते.